धरित्रीचा उजवा हात

पिएत्राव्हेना, २ नोव्हेंबर १५५६

प्रिय तादेआ,

आज मृतांचा दिवस. सकाळी धुके होते, पाऊस नव्हता. दफनभूमीत जाऊन तुझ्या आईपाशी मेणबत्ती लावली. एकदा विझली, मग टिकली. फादर इलारिओंची प्रार्थना फार लांबली, तेव्हा पुढे उभ्या असलेल्या ब्रिजिदाकाकू मागे वळून हळूच मला म्हणाल्या, "यांचं आटपेपर्यंत थंडीनं आपणच खाली जाऊन निजू." घरी येऊन पावटे शिजवले आणि खाल्ले. मीठ जास्त झाले होते. मग रिवाजाप्रमाणे घागर भरून स्वयंपाकघरात ठेवली, कारण आज आपली गेलेली माणसे तहानलेली घरी येतात. दरवर्षी हे काम आई करायची आणि तुला म्हणायची, "तुझे आजोबा काही पाण्यावर भागवायचे नाहीत, वाइनची सुरई तेवढी लपवून ठेव." यंदा घागर तिच्यासाठी भरली. सुरई लपवली नाही.

माझी पत्रे लहान असतात. तुझ्या नवऱ्याने एकदा थट्टेने लिहिले होते की सासऱ्यांचे पत्र म्हणजे नळाच्या मापाची चिठ्ठी. मारोयेचे म्हणणे खरे आहे. जन्मभर ड्यूकच्या बागेसाठी पाण्याचा उतार मोजला, त्यापलीकडे मला लिहिता येत नाही. पण जुलैत तुझे पत्र आले. त्यात नाताळानंतर येणाऱ्या बाळाची बातमी होती आणि शेवटी एक प्रश्न होता: आईने जाताना माझे नाव काढले का? मी उलट टपाली बाळाला आशीर्वाद लिहिले, इकडच्या पिकाचे लिहिले, आणि त्या प्रश्नाला बगल दिली. तू पुन्हा विचारले नाहीस. एकदा विचारून गप्प बसायचे, हे तू तिच्याकडूनच घेतलेस. आज उत्तर देणार आहे. फक्त मला एकदम तिथे जाता येणार नाही. पाणीसुद्धा डोंगरावरून सरळ खाली सोडले तर नळ फोडते. वळसा घालून, बेताचा उतार देऊन आणावे लागते. तसेच आणतो. जरा धीर धर.

तू लग्न करून समुद्रापलीकडे रागुसाला जायला निघालीस त्या सकाळी आई धुण्याच्या हौदावर गेली आणि आलीच नाही, हे तुला माहीत आहे. खेचर दारात उभे होते, मारोये तुझी पेटी बांधत होता, आणि तू सारखी वळून गल्लीच्या टोकाकडे बघत होतीस. नंतरचे तुला माहीत नाही. दुपारी ती परत आली तेव्हा टोपलीतले कपडे कोरडे होते. गेले तसेच आले होते. त्या दिवसापासून घरात तुझे नाव निघाले नाही. शेजारणींनी विचारले तर ती म्हणायची, "समुद्रापलीकडं गेली ना, आता तिकडच्या लोकांना विचारा." तुझे पत्र आले की मी ते चुलीपाशी बसून मोठ्याने वाचायचो, जणू माझ्यासाठीच वाचतोय. ती माझ्याकडे पाठ करून रस्सा ढवळत असायची. वाचन सुरू असेपर्यंत पातेल्यातली पळी फिरायची नाही. रस्सा बहुधा खाली लागायचा. तो आम्ही दोघे तसाच खायचो.

आता बागेचे. तू गेलीस तेव्हा टेकडीवर नुसते खड्डे आणि चिखल होता. चांभारांची आळी पाडून ड्यूकनी तिथे पायऱ्यापायऱ्यांची बाग आखली, तेव्हा गावाने किती शिव्या घातल्या ते तू ऐकले आहेस. त्यात तुझ्या आईचा आवाज सर्वांत मोठा. ती ड्यूकला दगडखाऊ म्हणायची. "आमच्या विहिरीला उन्हाळ्यात तळ दिसतो, आणि याच्या दगडी माशांना गुळण्या करायला पाणी." मी समजावायला गेलो की ती अंगणातल्या मोरीकडे बोट दाखवायची. "सगळ्या डोंगराला उतार दिलात हो. पण आपल्या मोरीचं पाणी दारात तुंबतं ते तुंबतंच." तुंबत होते हे खरेच होते.

गेल्या वर्षी द्राक्षे खुडून झाली, त्या सुमारास ड्यूक शिल्पकार जिस्मोंदोच्या कारखान्यात आले. बागेच्या सर्वांत वरच्या टप्प्यावर, खडकाच्या कपारीत, धरित्रीची मूर्ती बसायची होती आणि तिच्यावर माझे पाणी पडायचे होते. म्हणून पाण्याची उंची सांगायला मला बोलावले होते. संधिवातामुळे ड्यूकना खुर्चीतून उचलून आणतात. समोर मातीचा नमुना होता, मोठी बाई, गुडघे जरासे दूर, दोन्ही हात पुढे. फार सुंदर होती. दरबारचे पंडित एका बाजूला उभे राहून तिच्या कपाळाची स्तुती करत होते. ड्यूक अंजीर खात तिच्याकडे बघत राहिले. मग म्हणाले, "चेहरा ठीक. हे हात कुणाचे?" जिस्मोंदोने सांगितले की त्याच्याकडे येणाऱ्या एका तरुण मुलीचे. ड्यूक म्हणाले, "या हातांनी कधी काही धरलेलंच नाही. धरित्री आहे ना ही? मग काम केलेले हात आण." आणि उरलेले अंजीर ताटात ठेवून निघून गेले.

मी त्यांची चाकरी इतकी वर्षे करतो. त्यांचा लोभ पाहिला आहे, राग पाहिला आहे, पिठावरचा कर तर सगळ्यांनीच पाहिला. पण त्या दिवशी घरी येताना मला वाटले, हा माणूस बघतो. आपण सगळे नुसते उभे असतो, आणि हा बघतो. जेवताना मी आईला सगळे सांगितले. ती शेंगा सोलत होती. म्हणाली, "दगडाला कष्टाचे हात हवेत म्हणे. गावात काय वाण आहे? हौदावर येऊन उभं राहावं आणि टोपलीभर न्यावेत." मग तिने स्वतःचे हात दिव्याजवळ धरून एकदा पाहिले आणि पुन्हा शेंगा सोलू लागली. तिचे हात तुला आठवत असतील. लहानपणी रेशमाच्या कारखान्यात उकळत्या पाण्यातून कोष काढून काढून उजवी करंगळी आत वळलेली, आणि बोटांची पेरे जाड.

त्यानंतर काही दिवस ती सकाळी मठात वेदीची वस्त्रे धुवायला जात होती. निदान मला तसे सांगून जात होती. एकदा तिच्या नखांत पांढरे दिसले. मी म्हटले, पीठ लागलंय. ती म्हणाली, "हो." त्या दिवशी घरात भाकरी भाजली नव्हती, हे मला आत्ता लक्षात येते.

ईस्टरआधीच्या उपासाच्या दिवसांत तिला ताप भरला आणि ती गेली. ते मी तुला कळवले होते. एक मात्र लिहिले नव्हते, कारण त्याचा अर्थ मलाच लागला नव्हता. तिला निरोप द्यायला चर्चमध्ये जिस्मोंदो आला होता, मागच्या खांबापाशी उभा राहून तो हुंदके देऊन रडला. आमची ओळख कामापुरती. मला वाटले, प्यालेला असेल.

आठ सप्टेंबरला, मरियमच्या जन्मोत्सवाला, ड्यूकनी बागेचे दरवाजे सगळ्या गावाला उघडले. आता दरवर्षी त्या दिवशी उघडे राहणार, तसे फाटकाच्या दगडावर कोरले आहे. मला जायचे नव्हते. काळे कपडे घालून कारंजे बघत फिरणे बरे वाटेना. पण पहिल्यांदा पाणी सोडायचे होते आणि कुठे सांधा फुटला तर मीच लागणार होतो. म्हणून ब्रिजिदाकाकूंबरोबर गेलो. चांभार आळीतून उठवलेली माणसेसुद्धा आली होती. शिव्यांची तयारी करूनच आली होती.

तादेआ, आत शिरल्यावर त्या शिव्या तोंडातच राहिल्या. पहिल्या टप्प्यावर लिंबाची झाडे कुंड्यांत ओळीने, आणि वाट बारीक पांढऱ्या खड्यांची. कुणी सांगितले नाही, पण बायकांनी लाकडी वहाणा काढून हातात घेतल्या, देवळात शिरावे तशा. दुसऱ्या टप्प्यावर खांबांची ओसरी आहे. तिच्या छतावर आपल्या खोऱ्यातले सगळे पक्षी रंगवले आहेत, मोर किंवा गरुड नव्हेत, आपले साधे, शेतातले. लोक माना वर करून त्यांची नावे घेऊ लागले. हा कोकीळ, ही लावी, तो बांधावरचा टिवटिव्या. एका म्हाताऱ्या चांभाराने कोपऱ्यातल्या करड्या पाखराकडे बोट दाखवले आणि म्हणाला, "हे आमच्या आढ्यात घरटं करायचं." ज्या आढ्याबद्दल बोलत होता ते याच ड्यूकनी पाडले होते. तो शिव्या देईल म्हणून मी वाट पाहिली. तो नुसता बघत राहिला. खाली बसला, आणि बसून बघत राहिला.

मधल्या एका बाकावर फादर इलारिओ टेकले, तर बाकाखालून बारीक धारा उडून त्यांचा झगा ओला झाला. ती ड्यूकची खोडी होती, तिचाही उतार मीच काढून दिला होता. फादर उठले, झगा पिळला आणि म्हणाले, "यांच्या मूर्तिपूजक देव्यांनी मला बाप्तिस्मा दिला." सगळे हसले. वरच्या टप्प्यावर पोचेपर्यंत हसूच चालले होते. मग धरित्री दिसली आणि ते थांबले.

ती कपारीत बसली आहे, उभ्या माणसाच्या दुप्पट. डावा हात खाली, तळवा वर, थोडा खोलगट. उजवा हात त्याच्या वर, आडवा, बोटे जुळलेली, जरासा कलता. एवढेच. अजून पाणी आले नव्हते. कोरडा संगमरवर पांढरा असतो आणि मेलेला असतो. मी हात नीट पाहिलेही नाहीत, माझे सगळे लक्ष तिच्या डोक्यावरच्या खडकातल्या नळाकडे होते. वर टाकीपाशी चावी फिरवायला माणूस ठेवला होता. ड्यूकनी खुर्चीतून रुमाल हलवला.

आधी हवा आली. म्हातारा खोकावा तसा खडक खोकला, आणि कुणीतरी म्हणाले, "थंडी झालीय त्याला." मग काहीच नाही. त्या वेळात मी मनातल्या मनात डोंगरभर फिरून प्रत्येक सांधा चाचपून आलो. आणि मग पाणी आले. हे पाणी मी फार वर्षे ओळखतो. डोंगराच्या पाठीमागे ते सापडले तेव्हा माझ्या मनगटाएवढे होते. त्याला मी उतार मोजायची पाणसळ लावून, वळणे देऊन, खापरी नळांतून इथवर आणले. माझ्यासाठी ते आकडे होते. ते आकडे त्या दिवशी खडकातून बाहेर पडले, उन्हात चमकले आणि धरित्रीच्या उजव्या हातावर पडले. संगमरवर भिजला. भिजला की त्याच्यावर कातडी येते, तादेआ. खरेच येते. शिरा दिसू लागल्या, पेरांच्या सुरकुत्या दिसू लागल्या. पाणी बोटांवरून कडेला वळले आणि मागून खालच्या तळव्यात जमून ओघळू लागले. दोन हातांच्या मधली जागा मात्र कोरडी राहिली. एवढे पाणी पडत होते, पण तिथे एक थेंब जात नव्हता.

आणि मी करंगळी पाहिली.

लोक गुडघ्यांवर बसले होते. काहींनी क्रूसाची खूण केली. मी उभाच होतो. बाजूला पंडित ड्यूकना अर्थ सांगत होते, की हे निसर्गाचे औदार्य, वरचा हात देतो आणि खालचा घेतो. ब्रिजिदाकाकू माझ्या कानाशी म्हणाल्या, "कसलं औदार्य. बाई पीठ चाळतेय." ड्यूकनी पंडितांचे ऐकून घेतले आणि जिस्मोंदोला विचारले, "काय धरलंय तिनं?" जिस्मोंदो म्हणाला, "मला सांगितलं नाही, महाराज." ड्यूक बराच वेळ त्या हातांकडे बघत राहिले. म्हणाले, "मग विचारू नकोस." आणि खुर्ची वळवायला सांगितली.

त्या सगळ्या गर्दीत तिने काय धरले आहे हे एकट्या मला ठाऊक होते. तू तिथे असतीस तर तुलाही कळले असते. शनिवारची दुपार, आपले अंगण, मोरीपाशी तिवई. आई तिवईवर, तू तिच्या मांडीवर उताणी, मान तिच्या डाव्या तळव्यावर. डोके धुवायचे राखेचे पाणी डोळ्यांत गेले की झोंबते, म्हणून तू आधीपासूनच ओरडायचीस. तिचा उजवा हात तुझ्या कपाळावर आडवा, छपरासारखा. "माझा हात आहे ना वर? मग ओरडतेस कशाला?" पाणी ओतायचे काम माझे. मी वरून ओतायचो, म्हणून तिचे हात मला वरूनच जास्त माहीत आहेत. मी कितीही धांदरटपणे ओतले, तरी ते पाणी तिच्या बोटांवरून कडेला वळायचे. तुझ्या डोळ्यांत कधी गेले नाही. तरी तू ओरडायचीस ते ओरडायचीसच.

दुसऱ्या दिवशी मी जिस्मोंदोकडे गेलो. तो बडबड्या माणूस आहे, पण मला पाहिल्यावर हातोडी खाली ठेवून उगाच हात पुसत बसला. मग म्हणाला, "बाल्दो, तिनं बजावलं होतं. म्हणाली, नवऱ्याला कळलं तर पाणसळ घेऊन येईल, हात सपाट आहे का बघायला." तिच्या शब्दांत आणि तिच्या आवाजात तो ते बोलला. तिला जाऊन सहा महिने झाले होते, आणि मला हसू आले. मग त्याने सगळे सांगितले. त्याच्या बहिणीने हौदावर बायकांना हातांचा साचा द्याल का असे विचारले होते. बायकांनी हसून तिलाच भिजवले. आई तेव्हा तिथेच धुणे धूत होती. काही दिवसांनी ती आपणहून कारखान्यात आली आणि म्हणाली, "हे चालतील का बघा." हातांना तेल लावून त्यांच्यावर ओले प्लास्टर थापायचे, ते कडक झाले की साचा उकलायचा, अशी त्यांची रीत आहे. तोवर हलायचे नाही. जिस्मोंदोने सांगितले, काहीतरी धरल्यासारखे हात ठेवा. तिने आधी कपडा पिळल्यासारखे धरले. तो म्हणाला, "बाई, ही धरित्री कोंबडीची मान मुरगळतेय." दोघेही हसले. "घरात रोज जे धरता ते धरा," तो म्हणाला. ती म्हणाली, "आता रोज धरावं असं काही नाही." मग तिने तिवई मागितली. बसली, आणि एकदाही न चाचपता हात तसे धरले.

प्लास्टर घट्ट होताना तापते. नव्या माणसाला भीती वाटते, काही ओरडतात. म्हणून जिस्मोंदोने तिला विचारले, फार गरम लागतंय का. ती म्हणाली, "नाही. न्हाऊ घालायचं पाणी एवढंच असतं." पहिल्या दिवशी साचा नीट उतरला नाही. ती दुसऱ्या दिवशी आली, तिसऱ्या दिवशीही आली, आणि दरवेळी हात बरोबर तिथेच. त्याने शेवटी विचारले, काय आहे हे? ती म्हणाली, "काही नाही. सवय आहे." पुढे दगडात कोरताना पंडितांनी सांगितले की देवीची करंगळी वाकडी बरी दिसत नाही, सरळ कर. ड्यूकनी ते ऐकले आणि त्या करंगळीला हात लावायला मनाई केली. त्यांना काय दिसले होते कोण जाणे. तिला त्यांनी कधी पाहिले नव्हते, आणि तिने त्यांना दगडखाऊच म्हटले. पण मला आता तो माणूस आणि ती बाई एका बाजूला दिसतात आणि आम्ही बाकीचे दुसऱ्या बाजूला.

तेव्हापासून मी रोज वर जातो. पाण्याची देखरेख माझ्याकडे आहे, त्यामुळे कुणी अडवत नाही. पाणी मी आणलेले, हात तिचे, आणि मधली जागा तुझी. तिने ती जागा धरून ठेवली आहे आणि ती कोरडी ठेवली आहे. मीही नसेन तेव्हाही ठेवील.

तर तुझ्या प्रश्नाचे उत्तर असे. नाही, तिने तुझे नाव काढले नाही. खोटे लिहिता आले असते, पण तुला ते वाचता वाचता कळले असते. तापात ती फार थोडे बोलली. शेवटचे मला ऐकू आले ते, "मोरीचं तेवढं बघा." नावाऐवजी मी तुला एक वस्तू पाठवतो आहे. उद्या अँकोनाच्या बंदराला जाणाऱ्या खेचरवाल्याकडे लाकडी पेटी देईन, तिथून मारोयेच्या ओळखीचा नाखवा आणील. काम झाले की जिस्मोंदो साचे फोडून टाकतो. पण उजव्या हाताच्या साच्याचा खालचा अर्धा भाग फळीवर तसाच राहिला, कारण तो त्यात लाल खडूचे तुकडे ठेवत असे. म्हणून आतून थोडा लाल आहे. तो हात नाही, हाताची जागा आहे. तिच्या तळव्याची प्रत्येक रेघ त्यात उलटी उमटली आहे, आणि मनगटाच्या कडेला तिचा एक बारीक केस प्लास्टरमध्ये अडकला आहे. तो काढू नकोस. पेटी एकटी असताना उघड. तुझा उजवा हात पालथा त्यात ठेव. करंगळीपाशी जरा अडेल, बाकी बसेल असे मला वाटते, तुमची मापे सारखीच होती. बाळाला पहिल्यांदा न्हाऊ घालशील तेव्हा हात कुठे आणि किती कलता धरायचा, ते तुला त्यात सापडेल. तोंडाने सांगायला ती आली नसती, हे तुलाही माहीत आहे आणि मलाही. पाणी मारोयेला ओतू दे. धांदरट असला तरी चालेल.

आता थांबतो. सकाळी सदरा धुतला, त्याचे पाणी अजून दारात तुंबले आहे. खराटा घेऊन तेवढे गल्लीकडे लोटतो.

तुझाच, इकडे पाण्यापाशी असलेला,
बाबा